एचआयव्ही असलेल्या रुग्णाची शुश्रूषा: सीडी४ च्या रिपोर्टआधी बघायच्या गोष्टी

एचआयव्हीच्या रुग्णाचे कागद हातात आले की आपली नजर आधी सीडी४ वर, म्हणजे एचआयव्ही ज्या पांढऱ्या पेशी मारतो त्यांच्या मोजणीवर, जाते. तो आकडा हवाच. पण तो असतो महिन्यापूर्वीचा, कधी सहा महिन्यांपूर्वीचा. रुग्ण मात्र आत्ता समोर आहे. त्याचं वजन, त्याचा श्वास, त्याची जीभ, तो दारातून खुर्चीपर्यंत कसा आला, हे सगळं आजचं आहे. एचआयव्ही झालेला माणूस बहुतेक वेळा विषाणूनं थेट दगावत नाही. तो दगावतो क्षयरोगानं, मेंदूच्या आवरणात शिरलेल्या बुरशीनं, न्यूमोनियानं. आणि या आजारांची चाहूल अनेकदा अंगावर आधी उमटते, रिपोर्टवर नंतर. म्हणून माझं ठाम मत आहे की या शुश्रूषेत परिचारिकेचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे साधी मोजमापं दर वेळी त्याच पद्धतीनं घेणं आणि जुन्या नोंदींशी ताडून बघणं.

थोडी पार्श्वभूमी. निरोगी प्रौढात सीडी४ पेशी रक्ताच्या घनमिलिमीटरमागे साधारण ५०० ते १५०० असतात. हा आकडा २०० च्या खाली गेला, किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या चढत्या तीव्रतेच्या चार टप्प्यांतला तिसऱ्या वा चौथ्या टप्प्याचा आजार दिसला, की त्याला प्रगत एचआयव्ही म्हणतात. इथला ‘किंवा’ महत्त्वाचा. सीडी४ अजून हाती नसला तरी टप्पा ठरवता येतो, आणि त्यासाठी लागतात डोळे, हात, बॅटरी आणि वजनकाटा. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी नियम आणखी कडक आहे: उपचार नव्यानं सुरू होणारं असं प्रत्येक मूल प्रगत आजाराचंच समजायचं.

दारापासून खुर्चीपर्यंत

प्रौढ रुग्णात आधी तीन गोष्टी बघायच्या. मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त श्वास, मिनिटाला १२० किंवा त्याहून जास्त ठोके, आणि आधाराशिवाय चालता न येणं. यातली एक जरी सापडली तरी रुग्ण गंभीर. ३९ अंश सेल्सिअसच्या वरचा तापही पुष्कळ ठिकाणी याच यादीत धरतात. असा रुग्ण नंबर येईपर्यंत बाकावर बसून राहता कामा नये. त्याला खाटेवर घ्यायचं, ऑक्सिजन आणि रक्तातली साखर बघायची, डॉक्टरांना तेव्हाच बोलवायचं.

श्वास पूर्ण ६० सेकंद मोजायचा. १५ सेकंद मोजून चारनं गुणलं तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते, आणि २६ नि ३० मधला फरक तिथेच हरवतो. ‘आता तुमचा श्वास मोजते’ असं सांगितलं की रुग्णाचा श्वास बदलतो. त्यापेक्षा नाडी धरल्यासारखा हात मनगटावर ठेवायचा आणि नजर छातीवर. ज्या तक्त्यात दिवसभर ओळीनं १८, २०, १८, २० लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नये. ड्युटी हाती घेताना स्वतः मोजून बघावं.

श्वासाचा असाच एक धोका नजरेतून सहज निसटतो. न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत चढतो. कोरडा खोकला, थोडा ताप, आणि तक्रार एवढीच की जिना चढताना दम लागतो. रुग्ण बसलेला असताना ऑक्सिमीटर ९६ दाखवतो, स्टेथोस्कोपनं छाती स्वच्छ लागते, एक्स-रेसुद्धा सुरुवातीला बरा दिसू शकतो. अशा वेळी ऑक्सिमीटर बोटाला तसाच ठेवून रुग्णाला एक-दोन मिनिटं चालवायचं, आपण शेजारून चालायचं, डोळा आकड्यावर. ९६ चे ९२, ९० झाले तर ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर लगेच घालायची. तीन-चार अंकांची घसरणसुद्धा नोंद करण्याजोगी. बसल्या जागीच आकडा कमी असेल किंवा वर सांगितलेलं गंभीर लक्षण असेल तर मात्र चालवायचं नाही. बोटं गार असली किंवा नखांना गडद रंग असला की आकडा फसवतो. हात चोळून गरम करायचे, दुसरं बोट बघायचं.

या न्यूमोनियाला कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक मोठ्या मात्रेत २१ दिवस देतात, आणि ऑक्सिजन कमी असेल तर सोबत स्टेरॉइड. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत श्वास आणखी बिघडू शकतो, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. एवढ्या मात्रेत या औषधानं पोटॅशियम चढतं, रक्तातल्या पेशी घटतात, अंगावर पुरळ येतं. अचानक छातीच्या एका बाजूला दुखू लागलं आणि दम वाढला तर फुफ्फुस फुटून हवा बाहेर आल्याची शंका घ्यायची. या आजारात ते घडतं.

वजन

चपला काढून, जाड कपडे आणि खिशातल्या वस्तू बाजूला ठेवून, शक्यतो त्याच काट्यावर. हे सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती पुढे, ताडून बघताना. दर भेटीला एखादा किलो कमी होत गेला तर मागच्या भेटीशी तुलना करणाऱ्याला काहीच वावगं दिसत नाही. म्हणून कागदावर दोन वजनं ठळक असावीत: आजचं, आणि आजवर नोंदलेलं सर्वांत जास्त. ६२ किलोचा माणूस पाच भेटींत ५५.५ वर आला तर घट साडेसहा किलोंची, म्हणजे १० टक्क्यांहून जास्त. कारण सापडत नसेल तर एवढी घट तिसऱ्या टप्प्यात मोडते. १० टक्क्यांपर्यंतची विनाकारण घट दुसऱ्या टप्प्यात. वजनाची नोंदच नसेल तर विचारायचं, ‘जुने कपडे सैल झालेत का? पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं का?’

पायांवर सूज असेल, पोटात पाणी असेल तर काटा खोटी समजूत करून देतो. तिथे दंडाचा घेर मोजावा: खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला, टेप कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही.

उलटही होतं. डोल्युटेग्राव्हिर हे एचआयव्हीचं औषध सुरू झाल्यावर काहींचं वजन वाढतं. थोडी वाढ तब्येत सुधारल्याची असते, पण दर महिन्याला वाढतच गेलं तर साखर आणि रक्तदाब बघायला हवा.

चार प्रश्न, दर भेटीला

खोकला आहे का? ताप येतो का? वजन उतरलंय का? रात्री घाम येतो का? क्षयरोगाची ही चाळणी चार प्रश्नांची. एकाचं जरी उत्तर ‘हो’ आलं तरी पुढची तपासणी व्हायला हवी. खोकला दोन आठवड्यांचा असला पाहिजे ही सवयीची अट इथे लावायची नाही. एचआयव्ही असताना आजचा खोकलासुद्धा मोजायचा. घामाचा प्रश्न नुसता ‘घाम येतो का’ असा विचारला तर उन्हाळ्यात सगळेच हो म्हणतात. ‘घामानं कपडे किंवा उशी बदलावी लागते का’ असं विचारलं की उत्तर कामाचं मिळतं.

सीडी४ खूप खाली असताना थुंकीत जंतू कमी सापडतात, एक्स-रेवर नेहमीचा डाग नसतो, आणि आजार गाठींमध्ये, पोटात, मेंदूच्या आवरणात असू शकतो. म्हणून थुंकीची रेणवीय (जंतूचा डीएनए शोधणारी) चाचणी, आणि दाखल झालेल्या आजारी रुग्णात लघवीतले क्षयाच्या जंतूचे अंश शोधणारी लॅम चाचणी. लॅम चाचणीला नुकतीच घेतलेली लघवी लागते आणि पट्टी २५ मिनिटांनी वाचायची असते. घाईत आधी वाचली तर फिकट रेघ नजरेतून सुटते. थुंकी देताना लाळ नको, छातीतून खाकरून काढलेला बेडका हवा, आणि तो उघड्या हवेत, इतरांपासून दूर. खोकणाऱ्या रुग्णाला आल्या आल्या मास्क देऊन खिडकीपाशी वेगळं बसवायचं. त्या खोलीत थांबलेल्या इतर एचआयव्ही रुग्णांच्या जिवाशी ती गाठ आहे.

तोंड आणि कातडी

तोंड नीट उघडून बॅटरीच्या उजेडात बघायचं: टाळू, गालांची आतली बाजू, जीभ उचलून खाली, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा. कवळी असेल तर काढायला सांगायची, कारण बुरशी तिच्याखालीच दडते. पांढरे चट्टे दिसले तर लाकडी पट्टीनं हलकेच खरवडायचे. निघाले आणि खाली लाल, कधी रक्त येणारी जागा दिसली तर ती कॅन्डिडा बुरशी. जिभेच्या कडेवर उभ्या वळकट्यांसारखा पांढरेपणा असेल आणि तो खरवडून निघत नसेल तर ते केसाळ ल्युकोप्लेकिया. टिकून राहिलेली बुरशी आणि हा ल्युकोप्लेकिया, दोन्ही तिसऱ्या टप्प्याची खूण. टाळूवर जांभळट, न दुखणारा डाग असेल तर कापोसी सार्कोमा या कर्करोगाचा विचार करायचा. तोंडात बुरशी आहे आणि गिळताना छातीच्या हाडामागे दुखतं, असं रुग्ण म्हणाला की बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असते. तो चौथा टप्पा. तिथे तोंडात धरायचं औषध पुरत नाही, पोटातून किंवा शिरेतून फ्लुकोनाझोल लागतं.

फक्त तोंडातल्या बुरशीसाठी निस्टॅटिनचं द्रावण दिवसातून चार वेळा, जेवणानंतर, तोंडात शक्य तितका वेळ घोळवून मग गिळायचं. त्यानंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. हे न सांगितल्यामुळे रुग्ण ते सिरपसारखं एका घोटात पिऊन टाकतो आणि औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष निघतो. ब्रश मऊ हवा, कवळी रात्री काढून जंतुनाशकात ठेवायची, आणि तोंड दुखत असताना आंबट-तिखट-गरम टाळून मऊ, कोमट, थोडं थोडं द्यायचं.

कातडी बघताना कपड्यांवरून अंदाज नको. पाठ, काखा, मांड्यांचे सांधे, तळपाय, बेंबीच्या खालचा भाग, सगळं. एका बाजूच्या पट्ट्यात उठलेली नागीण तरुण माणसात दिसली तर एचआयव्हीची तपासणी सुचवावी. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर डोळ्याला धोका असतो, त्याच दिवशी डोळ्याचे डॉक्टर बघायला हवेत. मधोमध खळगा असलेले मोत्यासारखे दाणे मोलस्कम या साध्या विषाणूजन्य त्वचारोगाचेही असतात आणि क्रिप्टोकॉकस बुरशीचेही; ताप किंवा डोकेदुखी सोबत असेल तर त्यांना मोलस्कम म्हणून सोडून देऊ नये.

औषधाचं पुरळ असेल तर प्रश्न ठरलेले: तोंडात, डोळ्यांत, गुप्तांगावर फोड आहेत का, ताप आहे का, कातडी सोलून निघतेय का. एकाचंही उत्तर हो असेल तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना फोन. कोट्रायमोक्साझोल आणि एचआयव्हीचं नेव्हिरापिन ही नेहमीची संशयित. अ‍ॅबाकाव्हिर या एचआयव्हीच्या औषधाची गोष्ट वेगळी: ताप, पुरळ, उलट्या, दम अशी लक्षणं एकत्र आली आणि ते थांबवलं, तर पुन्हा आयुष्यात कधीही सुरू करायचं नाही. दुसऱ्यांदा दिल्यावर काही तासांत जीव जाऊ शकतो. हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत हवं.

जुलाबाच्या रुग्णात पाणी किती कमी झालंय हे कातडीची चिमटी घेऊन कळत नाही. चरबी आटलेल्या माणसाची कातडी पाणी पुरेसं असतानाही हळू खाली बसते. जीभ, तहान, लघवीचं प्रमाण, आणि आडवं असताना नि उभं राहिल्यावरचा रक्तदाब, यांवर भर द्यावा. उभं राहून तीन मिनिटांत वरचा आकडा २० नं उतरला तर शरीरातलं पाणी कमी आहे असं धरून चालावं. प्रत्येक शौचाची वेळ आणि अंदाजे प्रमाण लिहायचं. ‘जुलाब चालू’ एवढ्या नोंदीवरून सलाइन ठरत नाही. प्रत्येक वेळेनंतर कोमट पाण्यानं स्वच्छता, टिपून कोरडं करणं, झिंक ऑक्साइडचा थर.

डोकेदुखी

प्रगत एचआयव्हीत ‘डोकं दुखतंय’ हे वाक्य कधीही हलकं घेऊ नये. क्रिप्टोकॉकसच्या मेनिंजायटिसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहात, मान ताठ असेलच असं नाही, ताप नसूही शकतो. आठवडा-दोन आठवडे वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, दोन-दोन दिसणं, स्वभावात फरक. सीडी४ १०० च्या खाली असलेल्या प्रत्येकाची, आणि शक्य असेल तिथे २०० च्या खालच्यांचीही, रक्तातले या बुरशीचे अंश शोधणारी क्रिप्टोकॉकल अँटिजेन चाचणी लक्षणं नसतानाही करायची. अर्धं अंग किंवा एक हात कमजोर, झटके, असं चित्र असेल तर मेंदूत टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची शंका घ्यायची. दुखत काही नाही पण डोळ्यापुढे ठिपके तरंगतात, नजर धूसर, आणि सीडी४ ५० च्या खाली, तर सायटोमेगॅलो विषाणूनं डोळ्याचा पडदा धरलेला असू शकतो. हा रुग्ण आजच पाठवायचा.

क्रिप्टोकॉकसमध्ये कवटीतला दाब हा मोठा मारेकरी आहे. पाठीतलं पाणी काढताना रुग्णाला कुशीवर झोपवून दाब मोजतात. दाब पाण्याच्या २५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर २० च्या खाली येईपर्यंत, आणि फारच जास्त असेल तर निम्म्यावर येईपर्यंत पाणी काढतात. डोकेदुखी परतली की पुन्हा काढावं लागतं, कधी रोज. पाणी काढून डोकं हलकं झालं की रुग्ण स्वतःच सांगतो. पण चार तासांनी पुन्हा दुखू लागलं का, हे विचारायचं काम आपलं. दर पाळीला १० पैकी किती दुखतं, दोन-दोन दिसतं का, शुद्ध कशी आहे, हे लिहिलेलं असेल तर पाणी पुन्हा वेळेत काढलं जातं. दाब कमी करण्यासाठी मॅनिटॉल किंवा स्टेरॉइड या आजारात देत नाहीत.

उपचारातलं अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे औषध परिचारिकेच्या कौशल्याचा कस लावतं. ते दोन रूपांत मिळतं आणि नावं सारखी असल्यामुळे गफलत जिवावर बेतते. साध्या रूपाची मात्रा दिवसाला किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम. लायपोसोमल, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म कणांत बसवलेलं रूप एकाच डोसात किलोमागे १० मिलिग्रॅम दिलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये ही पद्धत स्वीकारली, सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनाझोल ही बुरशीची औषधं. लायपोसोमलची मात्रा चुकून साध्या औषधानं भरली तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून कुपीवरचं पूर्ण नाव दोघांनी, मोठ्यानं वाचून ताडायचं.

दोन्ही रूपं फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. नॉर्मल सलाइनमध्ये मिसळलं की गाळ बसतो, म्हणून कॅन्युला धुवायलाही डेक्स्ट्रोजच. साधं रूप चार तासांत सावकाश द्यायचं. त्याआधी एक लिटर नॉर्मल सलाइन, त्यात २० मिलिमोल पोटॅशियम क्लोराइड, दोन तासांत. हे मूत्रपिंड वाचवण्यासाठी आहे, आणि वेळ नाही म्हणून नेमकं हेच वगळलं जातं. त्या सलाइननंतर नळी डेक्स्ट्रोजनं धुऊनच औषध जोडायचं. पहिल्या तासात थंडी वाजून ताप चढतो; वेग कमी करायचा, पॅरासिटामॉल, पांघरूण. शीर सुजते, म्हणून जागा बदलत राहायची. पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आठवड्यातून किमान दोनदा, हिमोग्लोबिन आठवड्यातून एकदा. पायात पेटके किंवा ठोके अनियमित वाटले तर पुढच्या तपासणीची वाट न बघता पोटॅशियम पाठवायचं.

एचआयव्हीची औषधं या आजारात चार ते सहा आठवडे उशिरा सुरू करतात. नातेवाइकांना हा हलगर्जीपणा वाटतो. प्रतिकारशक्ती लवकर उसळली तर मेंदूतली सूज वाढून रुग्ण जाऊ शकतो, हे समजावून सांगावं लागतं.

मन आणि स्मृती

‘गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं किती दिवस झालं? किती दिवस उदास, हताश वाटलं?’ हे दोन प्रश्न विचारायला एक मिनिट लागत नाही. उत्तर काळजीचं असेल तर जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे सरळ शब्दांत विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. विसरभोळेपणा आणि हालचाल मंदावणं दिसलं तर आंतरराष्ट्रीय एचआयव्ही डिमेन्शिया मोजपट्टी वापरता येते: चार शब्द लक्षात ठेवायला देणं, बोटं पाच सेकंद भरभर आपटणं, मूठ-तळहात-कड अशी हाताची क्रमवार हालचाल, आणि शेवटी ते चार शब्द. १२ पैकी १० किंवा कमी आले तर पुढची तपासणी. गोळ्या विसरणाऱ्या रुग्णाला बेफिकीर ठरवण्याआधी ही चाचणी करावी असं मला मनापासून वाटतं.

गोळ्या

‘गोळ्या नियमित घेता ना?’ या प्रश्नाला एकच उत्तर येतं. त्याऐवजी: ‘रोजच्या धावपळीत एखादी गोळी राहून जातेच. गेल्या चार दिवसांत किती राहिल्या? मागच्या महिन्यात औषध संपून खंड पडला का?’ मग डबी उघडून उरलेल्या गोळ्या मोजायच्या. आठवण झाली की राहिलेली गोळी घ्यायची. डोल्युटेग्राव्हिरच्या पुढच्या डोसला चार तासांहून कमी उरले असतील तर ती सोडून द्यायची. दोन एकदम कधीच नाही.

सध्या जगभर बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर एकाच गोळीत मिळतात. गोळी रोज घेऊनही विषाणू दबत नसेल तर सोबत काय घेतलं जातं ते विचारा. मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमचं अ‍ॅसिडिटीचं औषध डोल्युटेग्राव्हिरला पोटातच बांधून टाकतं; गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या जेवणासोबत एकत्र चालतात, उपाशीपोटी नाही. गरोदर बाईला लोह-कॅल्शियम दोन्ही चालू असतात, तिला हे आवर्जून सांगावं. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लागतं. क्षयरोगाचे उपचार एकीकडे आणि एचआयव्हीचे दुसरीकडे असले की ही संध्याकाळची जादा गोळी हमखास राहून जाते. डोल्युटेग्राव्हिरसोबत मधुमेहाचं मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नको. झोप उडाली असेल तर गोळी सकाळी हलवावी.

डोल्युटेग्राव्हिर सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन किंचित वाढून स्थिरावतं, ती मूत्रपिंडाची हानी नसते. वाढतच राहिलं किंवा लघवीत प्रथिन आणि साखर दिसू लागली तर टेनोफोव्हिरकडे बोट जातं. आणि हिपॅटायटिस बी सोबत असेल तर टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन हीच औषधं यकृतही सांभाळत असतात. अचानक बंद केली तर कावीळ भडकते.

रक्तातल्या विषाणूंची संख्या उपचाराच्या सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि मग वर्षातून एकदा मोजतात. मिलिलिटरमागे १००० च्या वर आली तर समुपदेशन करून तीन महिन्यांनी पुन्हा. नमुना जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत, आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करून. हिरव्या टोपणाच्या हेपरिन नळीत घेतला तर चाचणीच बिघडते. सीडी४ चा नमुना फ्रिजमध्ये ठेवू नये. रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका दबलेला असेल तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे रुग्णाला स्पष्ट शब्दांत, कचरत न राहता सांगावं. गोळी रोज घेण्याचं इतकं बळकट कारण दुसरं नाही.

औषधं सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः सीडी४ खूप कमी असताना, ताप परत येणं, गाठी मोठ्या होणं, खोकला वाढणं असं घडतं. उठलेली प्रतिकारशक्ती दडलेल्या जंतूंवर तुटून पडते. नवा आजार, औषधाचा दुष्परिणाम आणि हा दाह यांत फरक डॉक्टर करतील. आपण रुग्णाला एवढं बजावायचं की मनानं गोळ्या बंद करू नका, तडक इकडे या.

सुई आणि सांडलेलं रक्त

खबरदारी सगळ्या रुग्णांसाठी एकच. ज्याची तपासणी झालेलीच नाही त्याच्यापासूनचा धोका ओळखता येत नाही, म्हणून फक्त ‘पॉझिटिव्ह’ माणसासाठी दोन-दोन हातमोजे घालण्याला काही अर्थ नाही. ताप बघायला, पाठ चोळायला, भरवायला हातमोजे लागत नाहीत. घाम, अश्रू, लाळ, लघवी, उलटी यांत रक्त दिसत नसेल तर त्यांतून विषाणू पसरत नाही. वेगळी भांडी नकोत, खाटेवर पाटी नको, आणि राउंडला मोठ्यानं निदान बोलणं तर अजिबात नको.

सुईला टोपण परत लावायचं नाही. सुयांचा डबा खाटेपाशी न्यायचा आणि तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. काठोकाठ भरलेल्या डब्यात सुई दाबतानाच हाताला टोचते. सांडलेलं रक्त आधी शोषक कागदानं झाकून उचलायचं, मग ०.५ ते १ टक्का ताजं हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) ओतून किमान १० मिनिटं थांबायचं. सकाळी केलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही, त्याचा जोर उतरतो.

एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचल्यावर, औषधं न घेता, लागण होण्याचा धोका सरासरी ०.३ टक्के, डोळ्यात किंवा तोंडात उडालं तर ०.०९ टक्के. पोकळ सुई, खोल जखम, सुईवर दिसणारं रक्त आणि रुग्णाच्या रक्तात भरपूर विषाणू असतील तर तो वाढतो. टोचल्यावर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच लावायचं नाही. डोळा १५ मिनिटं स्वच्छ पाण्यानं किंवा सलाइननं धुवायचा. प्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांत, आणि पूर्ण २८ दिवस. ज्याची सुई टोचली त्या रुग्णाच्या रिपोर्टची वाट बघत पहिला डोस अडवू नये. तो रिपोर्ट निगेटिव्ह आला तर औषधं थांबवता येतात. रक्ताची तपासणी लगेच, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी. हिपॅटायटिस बी ची लस झाली आहे का, हे त्याच वेळी बघावं, कारण सुईतून बी ची लागण एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज होते.

घरी सोडताना

प्रगत आजाराच्या रुग्णाला घरी गेल्यावरचे पहिले काही आठवडे फार नाजूक असतात. पुन्हा दाखल होणं आणि मृत्यू, दोन्ही याच काळात जास्त. निघताना एका कागदावर हे हवं: आजचं वजन, घेत असलेलं प्रत्येक औषध आणि त्याची वेळ, कोट्रायमोक्साझोलचा रोजचा प्रतिबंधक डोस, पुढची तारीख, आणि कशासाठी तारखेची वाट न बघता यायचं: दम लागणं, वाढती डोकेदुखी, नजर कमी होणं, पोटात काही न टिकणं, फोडांचं पुरळ. रुग्णाकडून ते आपल्या शब्दांत वदवून घ्यायचं. वाचता येत नसेल तर सूर्य आणि चंद्र काढून गोळ्यांच्या वेळा दाखवायच्या. फोन आठवड्याच्या आत करायचा. तो दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलायचं, निरोप कुणाला द्यायचा आणि कुणाला अजिबात द्यायचा नाही, हे रुग्णाला विचारून आपल्याकडच्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं, घरी जाणाऱ्या कागदावर नाही.